ग्रंथालयांना निरोप देण्याची घाई

सार्वजनिक ग्रंथालयांचा काळ संपला, हे मत आता इतके रुळले आहे की ते मांडणाऱ्याला पुरावा देण्याची गरजही वाटेनाशी झाली आहे. हे मत पुस्तकांच्या शत्रूंचे नाही. ते मांडणारे पुष्कळदा चांगले वाचक असतात, मराठीविषयी कळकळ असलेले असतात, आणि त्यांच्या म्हणण्यात खऱ्याचा अंशही असतो. म्हणून आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

पूर्वपक्षाचे मुद्दे चार. पहिला असा की ग्रंथालयात जे मिळत होते ते सगळे आता फोनवर मिळते. मराठी विश्वकोशाचे खंड घरबसल्या वाचता येतात, साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात, २०१६ च्या अखेरीपासून किंडलवर मराठी ई-पुस्तके आहेत आणि कानांनी ऐकायची पुस्तकेही आली आहेत. दुसरा मुद्दा असा की ग्रंथालये ओस पडली आहेत. वर्गणीदार वयाने उतरणीला लागलेले, आणि जी तरुण मुले दिसतात ती स्पर्धा परीक्षांसाठी टेबल-खुर्ची वापरायला आलेली. तिसरा मुद्दा पैशाचा. महाराष्ट्रात बारा हजारांच्या घरात शासनमान्य ग्रंथालये अनुदान घेतात; २०१२ साली महसूल खात्याकडून पडताळणी झाली तेव्हा त्यांतली कितीतरी नावापुरतीच असल्याचे उघड झाले. मग हा पैसा एखाद्या मोठ्या ई-ग्रंथालयावर का खर्चू नये? चौथा मुद्दा सर्वांत बोचरा आहे: ही ग्रंथालये ‘सार्वजनिक’ म्हणवतात, पण अनामत आणि वर्गणी घेतात, ती शहरी, सुस्थित आणि बहुतांशी उच्चवर्णीय वाचकांची होती, सगळ्यांची कधी नव्हतीच. मग त्यांच्यासाठी हळहळायचे कशाला?

चारही मुद्दे गंभीर आहेत. तरीही त्यांतून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि मराठीच्या बाबतीत तर तो घातक आहे.

मधली साठ वर्षे

‘सगळे फोनवर आहे’ हे विधान इंग्रजीबद्दलही पूर्ण खरे नाही. मराठीबद्दल ते फारच थोडे खरे आहे. आंतरजालावर मराठी पुस्तके दोन टोकांना सापडतात. एका टोकाला प्रताधिकाराची मुदत संपलेली जुनी पुस्तके, कुणीतरी स्कॅन करून ठेवलेली. दुसऱ्या टोकाला गेल्या पंधरा-वीस वर्षांतली, प्रकाशकाने स्वतः ई-आवृत्ती काढलेली. या दोन टोकांच्या मध्ये एक मोठी पोकळी आहे आणि ती योगायोगाने पडलेली नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. १९६५ साली छापलेल्या, एकच आवृत्ती निघालेल्या एखाद्या पुस्तकाचा विचार करा. लेखक १९८० साली वारले असतील तर ते पुस्तक २०४० च्या अखेरपर्यंत प्रताधिकारात राहील. प्रकाशनसंस्था बंद पडलेली, वारस कुठे आहेत ते कुणाला ठाऊक नाही. परवानगी द्यायला माणूस नाही आणि परवानगीशिवाय पुस्तक जालावर ठेवता येत नाही. ज्यांना सतत मागणी आहे अशा मोजक्या लेखकांच्या आवृत्त्या निघत राहतात. बाकीची पुस्तके आज आहेत ती फक्त ग्रंथालयांच्या कपाटांत.

अमेरिकेत कायद्याचे अभ्यासक पॉल हील्ड यांनी अॅमेझॉनवर नव्या प्रतींच्या रूपात विकल्या जाणाऱ्या पुस्तकांचा अभ्यास केला तेव्हा त्यांनाही हेच दिसले: एकोणिसाव्या शतकातली पुस्तके सहज मिळतात आणि विसाव्या शतकाच्या मधली बेपत्ता आहेत. इंग्रजीसारख्या बलाढ्य बाजारपेठेची ही गत असेल, तर मराठीत काय होत असेल याची कल्पना करावी.

आणि ही पोकळी कुठल्या काळावर पडली आहे ते पाहा. १९४० ते २००० ही साठ वर्षे म्हणजे आधुनिक मराठीच्या भरभराटीचा काळ. १९३३ साली सुरू होऊन १९८२ साली थांबलेली ‘सत्यकथा’ याच काळातली. ‘शब्द’, ‘असो’, ‘फ’, ‘वाचा’ ही लघुनियतकालिके याच काळातली. त्यांच्या प्रती मुळातच थोड्या निघाल्या. दलित आणि ग्रामीण साहित्याच्या पहिल्या आवृत्त्या, कामगार चळवळीच्या पुस्तिका, सहकारी संस्थांचे अहवाल, गावांचे आणि तालुक्यांचे स्थानिक इतिहास, शेतीवरची छोटी पुस्तके, रशियन-बंगाली-कन्नडमधून झालेले अनुवाद, शेकडो दिवाळी अंक, हे सगळे याच काळातले आहे. महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्याला हीच सामग्री लागते.

१९९० नंतरच्या पुस्तकांची अडचण आणखी वेगळी. ती संगणकावर जुळवली गेली खरी, पण तेव्हाचे फॉन्ट युनिकोडपूर्व, प्रत्येक कंपनीचे वेगळे. त्या फाइली हाती असल्या तरी आज उघडताना अक्षरांचा गोंधळ होतो आणि पुन्हा जुळणी करावी लागते. त्याआधीची, शिशाच्या खिळ्यांनी छापलेली पाने स्कॅन केली, तरी यंत्राला त्यांतली जोडाक्षरे नीट वाचता येतील असे नाही. म्हणजे पुस्तक पडद्यावर दिसते पण त्यात शोधता येत नाही. डिजिटल म्हणून मिरवणारी पुष्कळशी मराठी सामग्री या अवस्थेत आहे.

उरतो प्रश्न जे स्कॅन झाले त्याचा. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी पाठबळाच्या प्रकल्पात भारतीय भाषांतली लाखो पुस्तके स्कॅन झाली. प्रताधिकाराच्या आक्षेपांनंतर २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद झाले. त्यातली पुस्तके आज मिळतात ती इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकी संस्थेने प्रती उतरवून ठेवल्या होत्या म्हणून. त्याच संस्थेवर चार मोठ्या प्रकाशकांनी २०२० साली खटला भरला. २०२३ साली निकाल तिच्या विरोधात गेला, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अपीलही फेटाळले गेले, आणि ती उसनी देत असलेल्या पुस्तकांतून सुमारे पाच लाख पुस्तके काढावी लागली. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ला होऊन संकेतस्थळ काही दिवस बंद राहिले. मराठीच्या स्कॅन झालेल्या छापील वारशाचा मोठा भाग एका परदेशी संस्थेच्या सर्व्हरवर, तिच्या कोर्टकचेऱ्यांच्या भरवशावर ठेवून आपण निश्चिंत झालो आहोत.

जालावरचे कुठलेही जुने मराठी पुस्तक उघडा. पहिल्या दोन-चार पानांत बहुधा एखाद्या ग्रंथालयाचा गोल शिक्का आणि शाईने लिहिलेला दाखल क्रमांक दिसेल. ते पुस्तक जालावर आले कारण त्याआधी कुणीतरी ते विकत घेतले, नोंदवले, बांधले, वाळवीपासून वाचवले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथ संजीवनी’ हा डिजिटल संग्रह तिच्या दोन शतकांच्या कागदी संग्रहावर उभा आहे. कायदाही हेच गृहीत धरतो. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी पुस्तकाची डिजिटल प्रत करून ठेवण्याची मुभा दिली; अट एवढीच की त्या पुस्तकाची कागदी प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. म्हणजे डिजिटायझेशनची किल्लीच कायद्याने ग्रंथालयाच्या हाती दिली आहे. ग्रंथालये बंद करून डिजिटल ग्रंथालय उभारू, हा बेत त्यामुळे आतूनच विसंगत आहे.

ज्याला मागणी नाही, ते कोण जपणार?

ग्रंथालयाचे मोल ठरवताना पूर्वपक्ष एक मोजमाप गृहीत धरतो: किती लोक काय मागतात. दुकानासाठी ते योग्य आहे. ग्रंथालयाचे निम्मे काम मात्र ज्याला आज मागणी नाही ते सांभाळण्याचे आहे.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले. त्यावर टीका झाली आणि पुस्तक विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले. आज भारतातल्या स्त्रीवादी लेखनाची चर्चा त्या पुस्तकाला वगळून होत नाही. मधल्या ९३ वर्षांत त्याला किती मागणी होती? जवळपास नाही. मागणीवर चालणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेने ते कधीच काढून टाकले असते. ते परत येऊ शकले कारण त्याची प्रत तगून राहिली होती. मुक्ता साळवे या सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आज तो आपण वाचतो, त्यावर लिहितो, तो पाठ्यपुस्तकांत असावा म्हणतो. हे घडले कारण त्या नियतकालिकाच्या फायली कुणीतरी सांभाळल्या. उलट बाजूही तितकीच खरी आहे. सत्यशोधक चळवळीच्या वृत्तपत्रांचे सगळे अंक कुणी जपले नाहीत, आणि आज अभ्यासकाला त्या काळातल्या बहुजन समाजाचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी गोळा करावा लागतो. फायली जिथे तुटल्या तिथे इतिहासही तुटला.

जपणे आणि काय जपले आहे याची नोंद करणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची सूची केली आणि तिचा पहिला खंड १९४४ साली निघाला. मराठीत काय काय छापले गेले हे आपल्याला कळते ते मुख्यतः या सूचीमुळे. ती करता आली कारण ग्रंथालयांत पुस्तके होती आणि त्यांच्या नोंदवह्या होत्या. शोधयंत्राला जे ठाऊक आहे तेवढेच ते दाखवते. जे त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही ते अस्तित्वात आहे, हे सांगणारा सूचीकार लागतो, आणि सूचीकाराला ग्रंथालय लागते.

मालकी कुणाची?

फोनवरच्या पुस्तकाचा आणखी एक गुणधर्म फारसा कुणी विचारात घेत नाही. ई-पुस्तक आपण विकत घेतो असे म्हणतो, पण प्रत्यक्षात आपल्याला वाचण्याचा परवाना मिळतो, आणि तो देणारा तो परत घेऊ शकतो. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने हक्कांच्या वादावरून जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि लोकांनी विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली.

कागदी पुस्तक ग्रंथालयाने एकदा घेतले की ते त्याचे झाले. ते पन्नास वर्षे, पाचशे वाचकांना देता येते. प्रकाशक बुडाला, लेखक वादग्रस्त ठरला, सरकार बदलले, तरी पुस्तक कपाटात राहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. संगणकीय सूची अडीच-तीन महिने बंद होती, डिजिटल सेवा त्याहून अधिक काळ रखडल्या. जगातल्या सर्वांत साधनसंपन्न ग्रंथालयांपैकी एकाची ही कथा. तिथल्या कपाटांतल्या पुस्तकांना मात्र हल्लेखोर हातही लावू शकले नाहीत. यातून डिजिटल वाईट असे सिद्ध होत नाही. इतकेच सिद्ध होते की ज्ञान एकाच माध्यमात आणि एकाच मालकाच्या हाती ठेवणे धोक्याचे आहे. महाराष्ट्रभर विखुरलेली हजारो ग्रंथालये ही त्या दृष्टीने आपली मोठी तटबंदी आहे.

ओस कुणी पाडली?

आता दुसरा मुद्दा: ग्रंथालयात कुणी येत नाही. हे सगळीकडे खरे नाही, पण पुष्कळ ठिकाणी खरे आहे. प्रश्न कारणाचा आहे. गावातल्या ‘ड’ वर्ग, म्हणजे सर्वांत खालच्या दर्जाच्या, ग्रंथालयाला २०२२ पूर्वी वर्षाला ३० हजार रुपये अनुदान मिळत असे. त्या वर्षी ६० टक्के वाढ जाहीर झाली, म्हणजे ते ४८ हजार झाले. महिन्याला चार हजार. यात ग्रंथपालाचे मानधन, पुस्तके, नियतकालिके, वीजबिल आणि जागेची डागडुजी भागवायची. २०१२ नंतर दशकभर नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांना दर्जावाढ देणेही थांबले होते. राज्यातल्या ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आणि ग्रंथालये बारा हजारांच्या घरात. म्हणजे निम्म्याहून अधिक ग्रामपंचायतींत ग्रंथालयच नाही. पाणी न घालता वाळवलेले झाड दाखवून या मातीत झाड वाढतच नाही असे म्हणावे, तसा हा युक्तिवाद आहे.

जिथे पाणी घातले तिथे काय झाले तेही पाहावे. तमिळनाडूने २०१० साली चेन्नईत अण्णा शताब्दी ग्रंथालय आणि जुलै २०२३ मध्ये मदुराईत कलैञर शताब्दी ग्रंथालय उभारले. दोन्ही वाचकांनी गजबजलेली असतात. कर्नाटकाने २०१९ साली ग्रामीण ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे सोपवून त्यांत संगणक, आंतरजालाची जोडणी आणि नवी पुस्तके द्यायला सुरुवात केली. २०२० च्या अखेरीस, शाळा बंद असताना, ‘ओदुव बेळकू’ या मोहिमेत मुलांना विनामूल्य सभासद करून घेतले आणि लाखो मुले गावच्या ग्रंथालयाशी जोडली गेली. डिजिटल सोय ग्रंथालयाच्या जागी आली नाही, ग्रंथालयात आली. आणि जिथे घरोघरी वेगवान जोडणी आहे त्या फिनलंडने डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या राजधानीत, संसदेसमोर, ‘ओओदी’ हे भव्य सार्वजनिक ग्रंथालय सुरू केले. डिजिटल सुबत्तेमुळे ग्रंथालय अनावश्यक होते हा नियम असता, तर तो सर्वांत आधी तिथे लागू झाला असता.

स्पर्धा परीक्षांच्या मुलांबद्दल तुच्छतेने बोलणे मला अन्यायाचे वाटते. एका खोलीच्या घरात चार माणसे राहतात, टीव्ही चालू असतो, मुलगी घरी असली की कामे पुढ्यात येतात. तिला चार तास सलग बसता येईल अशी जागा हवी असते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, देशात ग्रामीण भागातल्या जेमतेम ४ टक्के आणि शहरी भागातल्या २३ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. त्यानंतर स्मार्टफोन घराघरांत पोहोचला हे खरे. पण फोन हाती असणे आणि अभ्यासाला उजेड, टेबल, शांतता व संदर्भग्रंथ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बाजाराने दिली. दुसरी बाजार देतो ती महिन्याला भाडे घेऊन, खासगी अभ्यासिकेत. ज्याला ते परवडत नाही त्याच्यासाठी ग्रंथालयाची अभ्यासिका हीच संधी आहे. ही मुले पुस्तके घेत नाहीत, ही तक्रार खरी असेल तर ते ग्रंथपालापुढचे काम आहे. रोज दारात येणाऱ्या तरुणाला अभ्यासक्रमाबाहेरचे एखादे पुस्तक हाती द्यायची एवढी चांगली संधी दुसऱ्या कुणाला मिळते? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देण्याला मध्यवर्ती स्थान आहे ते याचसाठी.

वाचनकक्षातल्या वृत्तपत्रांच्या टेबलाचाही इथे विचार करायला हवा. तिथे परस्परविरोधी मतांची आठ-दहा पत्रे शेजारी शेजारी ठेवलेली असतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीच दिसतात. फोनवर प्रत्येकाला त्याच्या आवडीनिवडी ओळखून वेगळे जग दाखवले जाते. एकाच गावातली दोन माणसे एकाच घटनेबद्दल दोन निराळ्या गोष्टी वाचून भांडतात. समोरच्याचे पत्रही चाळावे लागते अशी जागा गावात असणे ही लोकशाहीची साधी, पण मूलभूत गरज आहे.

चौथ्या मुद्द्याचे उत्तर

पैशाच्या गैरवापराचा तिसरा मुद्दा मान्य करून पुढे जातो. कागदावरच्या ग्रंथालयांचे अनुदान बंदच व्हायला हवे. पण काही शाळांत पटसंख्या खोटी आढळली म्हणून कुणी शाळाच नकोत म्हणत नाही. खोट्यांच्या अपराधाची शिक्षा खऱ्यांना देण्याचा न्याय ग्रंथालयांनाच का लावायचा?

ग्रंथालये सगळ्यांची नव्हती, या आक्षेपात मात्र खोल सत्य आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. इतकी जुनी परंपरा भारतात फार थोड्या प्रदेशांना लाभली आहे. पण सुरुवातीला तिथे जाणारे कोण होते? इंग्रज अधिकारी, सरदार, वकील, नोकरदार. पुढे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली स्थापन झाले, मराठी पुस्तकांना हक्काचे घर मिळाले, तरी वर्गणी राहिली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानेही हे चित्र मुळातून बदलले नाही. संस्थांनी चालवायचे, शासनाने अनुदान द्यायचे, वाचकाने वर्गणी भरायची, असा तो साचा आहे. त्याने गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या उत्साहाला बळ दिले हे त्याचे श्रेय. विनामूल्य ग्रंथालय हा नागरिकाचा हक्क त्याने मानला नाही, ही त्याची उणीव.

पण या उणिवेवरचा उपाय आपल्याच परंपरेत आहे. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १९०६ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले, आणि शिकलेली माणसे पुस्तकांअभावी पुन्हा निरक्षर होऊ नयेत म्हणून १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून राज्यव्यापी विनामूल्य ग्रंथालय व्यवस्था उभारली. मध्यवर्ती ग्रंथालय, स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग, आणि पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेडोपाडी पाठवणारी फिरती वाचनालये अशी तिची रचना होती. कोल्हापूर संस्थानाने तर स्वातंत्र्यापूर्वी, १९४५ सालीच ग्रंथालय कायदा केला. मराठी राजांनी शंभर वर्षांपूर्वी केलेली कल्पना मराठी राज्याने अर्धीच अंगीकारली. तेव्हा ‘ग्रंथालये सगळ्यांची नव्हती’ हे वाक्य ‘म्हणून ती बंद करा’ असे पुरे करता येत नाही. वंचितांना ज्या दारातून आत येऊ दिले नाही, ते दार त्यांची पहिली शिकलेली पिढी उंबऱ्याशी पोहोचत असतानाच लावून घेणे, हा आधीच्या अन्यायावरचा दुसरा अन्याय होईल.

मग करायचे काय?

खंडन इथे पुरे. मंडनात चार गोष्टी ठामपणे मांडतो.

पहिली: ग्रंथालयांना दरवर्षीच्या दयेवर न ठेवता कायमचा निधी द्यावा. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. पुढे कर्नाटक आणि केरळ यांनीही उपकराचा मार्ग धरला. १९६७ च्या आपल्या अधिनियमात अशी तरतूद नाही. ती करावी, आणि तिचा हिशेब गावासमोर मांडावा.

दुसरी: अठरा वर्षांखालील प्रत्येकाला अनुदानित ग्रंथालयाचे सभासदत्व अनामत आणि वर्गणीशिवाय मिळावे. जे ग्रंथालय असे दार उघडेल त्याचे अनुदान वाढवावे. समतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथून सुटू लागेल.

तिसरी: राज्यातल्या सर्व ग्रंथालयांची एकत्रित, कुणालाही शोधता येईल अशी सूची तयार करावी. शंकर गणेश दाते यांनी एका आयुष्यात आणि तुटपुंज्या साधनांनी जे केले, ते आज संगणक, जोडणी आणि ग्रंथालयशास्त्राचे हजारो पदवीधर हाताशी असताना जमणार नाही असे नाही. अमुक पुस्तकाची शेवटची प्रत कुठल्या तालुक्याच्या कुठल्या कपाटात आहे हे कळले, तर ती वाचवता येईल. डिजिटल साधनांचा यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही.

चौथी: १९४० ते २००० च्या मधल्या पुस्तकांचे जतन-डिजिटायझेशन ग्रंथालयांच्या हाती द्यावे. कायद्याने दिलेली मुभा वापरण्यासाठी त्यांना स्कॅनर, प्रशिक्षण आणि कायदेशीर सल्ला पुरवावा. या प्रती मराठी समाजाच्या मालकीच्या राहतील, आणि प्रताधिकाराची मुदत संपेल तसतशा सर्वांना खुल्या होतील.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी दिलेले पुरावे ग्रंथांचे आणि लेखांचे होते, आणि ते शतकानुशतके कुणीतरी जपले म्हणून दाखवता आले. उद्या आपल्या काळाचा पुरावा कुणी मागितला तर तो कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवरून मागवायचा, की आपल्या गावच्या ग्रंथालयातून काढून द्यायचा, हे आज ठरते आहे. फोन आपल्याला जे आधीच कुणीतरी जपले आहे ते झटकन दाखवतो, आणि त्याबद्दल त्याचे ऋण मानायला हवे. जपण्याचे काम तो करत नाही आणि सर्वांना समान दारही उघडत नाही. ही दोन्ही कामे समाजाला स्वतःच करावी लागतात आणि त्यासाठी सार्वजनिक ग्रंथालयाखेरीज दुसरी संस्था आपण निर्माण केलेली नाही. ज्यांना ती कालबाह्य वाटते त्यांनी ही दोन कामे करणारी दुसरी संस्था आधी दाखवावी. ती दाखवता येत नाही तोवर जी आहे तिला पैसा, माणसे आणि उघडे दार देणे हे आपले कर्तव्य आहे.